पत्रिकेबाहेरची माणसं

किशोर खेरडेचं नाव पत्रिकेत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला कळली ती वाणिज्य विभागाच्या मोहोड सरांच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदावरून. मे महिना होता. अमरावतीचं ऊन कॉलेजच्या पत्र्यावर मांडी घालून बसलं होतं, उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासायला आलेले प्राध्यापक स्टाफरूममधल्या एकुलत्या एक कूलरसमोर आळीपाळीने सरकत होते, आणि मोहोड सरांनी टेबलाला तेल लागू नये म्हणून डब्याखाली एक लग्नपत्रिका उलगडून घातली होती. वांग्याच्या भाजीच्या तवंगाखाली किशोरला आधी ‘पौर्णिमा’ दिसलं, मग ‘गावंडे’ दिसलं, मग ‘अकोला’. पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. आपल्या होस्टेलच्या कुलदीपच्या पोरीची पत्रिका. आली म्हणायची छापून. त्याने डबा बाजूला सरकवला आणि सवयीने, म्हणजे गेली चार वर्षं ज्या सवयीने तो कुठलीही पत्रिका वाचतो त्या सवयीने, मुहूर्त आणि स्थळ सोडून थेट नावांवर बोट ठेवलं. पत्रिका वऱ्हाडातल्या रिवाजाप्रमाणे नावांनी खच्चून भरली होती. निमंत्रकांत कुलदीपचे भाऊ होते, विनीतांत चुलते होते, स्वागतोत्सुकांत मावसे, मामे, आत्ये असे सगळे होते, व्यवस्थापकांत गावंडे कृषी केंद्राचा मुनीम होता, आणि कोपऱ्यात पोपटाच्या चित्राशेजारी ‘आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं’ असं म्हणणारी, अजून बोलताही न येणारी बाळं होती. शुभेच्छुकांत बियाणे कंपनीचा एरिया मॅनेजर होता, पंचायत समितीचा माजी सदस्य होता, आजी सदस्य होता, दोघांचं पटत नाही म्हणून मधे एका दातांच्या डॉक्टरला घातलं होतं. आणि अगदी खाली होते, प्रा. मोहोड सर, अमरावती. किशोरचं बोट कागदाच्या कडेवरून घसरून टेबलावर आलं. त्याने पत्रिका उलटून पाहिली. मागे गणपती होता.

“तुम्ही कसे यात?” त्याने विचारलं.

“त्यांच्या साडूच्या पोराची अ‍ॅडमिशन करून देली होती मागं,” मोहोड सर घास चावत म्हणाले. “तेव्हापासून मानतात बिचारे. पत्रिका बी घरी आणून देली, अक्षदा लावून. तुम्ही वळखता काय गावंडेंना?”

“थोडंफार,” किशोर म्हणाला, आणि डबा होता त्या जागी परत ठेवला.

एखाद्या साध्या माणसाने अशा वेळी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पुढचा पेपर ओढला असता. किशोरची पंचाईत अशी, की नावांचा हा धंदा त्याचा स्वतःचा होता. तो संख्याशास्त्राचा प्राध्यापक. पन्नाशीच्या आसपास माणसाला एकतर देव आठवतो नाहीतर इतिहास. किशोरला इतिहास आठवला. अमरावती-अकोल्याकडच्या स्वातंत्र्यापूर्वीच्या लग्नपत्रिका तो गोळा करत सुटला. शालूंच्या घड्यांतून, देवघरांच्या मागून, फोटोच्या चौकटीत पुठ्ठा म्हणून घातलेल्या, जिथून मिळतील तिथून. पत्रिकेतलं प्रत्येक नाव म्हणजे एक ठिपका. दोन नावं एका पत्रिकेत आली की त्यांच्यात एक रेघ. असं करत करत शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडाचं एक जाळं संगणकावर उभं राहिलं, आणि मग त्या जाळ्याला मॉडेल बसवायचं काम सुरू झालं. म्हणजे असं, की माणसं नुसत्या योगायोगाने एकमेकांना चिकटली असती तर जाळं कसं दिसलं असतं, ते संगणक पुन्हा पुन्हा टाकून बघतो, आणि खरं जाळं त्याहून कुठे वेगळं पडतं ते सांगतो. मित्राचा मित्र आपला होतो का? जातवाले जातवाल्यांनाच धरून बसतात का? तू मला मानलंस तर मी तुला मानतो का? असल्या प्रश्नांना त्यातून एकेक आकडा मिळतो. स्टाफरूममध्ये हे सगळं किशोरने एकदा समजावून सांगितलं होतं. ऐकून झाल्यावर कॉलेजच्या हेडक्लार्कने त्याच्या भाचीसाठी नोकरीवाला मुलगा बघायला सांगितलं.

मॉडेल मात्र काही केल्या बसायचं नाही. ही त्या शास्त्रातली जुनी खोड आहे, तिला नाव आहे, तिच्यावर पेपर आहेत, पण किशोरला ती वैयक्तिक वाटायची. आकडे जरा इकडे सरकवले की संगणक सगळ्या माणसांना सगळ्यांशी जोडून मोकळा व्हायचा, जरा तिकडे सरकवले की कोणाचाच कोणाशी संबंध उरायचा नाही. मधलं काही त्याला जमायचंच नाही. “सर, परत कोसळलं,” अनुपमा पुण्याहून फोनवर सांगायची. अनुपमा ही त्याची जोडीदार संशोधक. मूळची अकोल्याची, तिथल्या मोरोपंत वकिलांची पणती, आता पुण्यात शिकवणारी, आणि संगणकाचं सगळं काम तिच्याकडे. “एकतर सगळेच एकमेकांचे, नाहीतर कोणीच कोणाचं नाही. असं कुठे असतं का हो सर?” किशोरला तेव्हा म्हणावंसं वाटायचं, की बाई, तू अकोला फार लवकर सोडलंस. शेवटी मार्चमध्ये जाळं जरा ताळ्यावर आलं, आणि त्यातून स्वच्छ दोन बेटं निघाली. एकीकडे काळ्या मातीतली शेतकरी घराणी, मधोमध वलगावचे खुशालराव पाटील, ज्यांचं नाव त्या बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत होतं. दुसरीकडे वकील, भिक्षुक, मास्तर, आणि त्यांच्यात मोरोपंत. मधे भिंत. एकही रेघ नाही. जूनमध्ये पुण्याच्या सेमिनारला हाच पेपर वाचायचा होता, फक्त शेवटचं मॉडेल एकदा नीट बसलं की झालं. अनुपमा खुश होती. किशोरही होता, पण त्याच्या वडिलांचं एक वाक्य मधेच खुपायचं. वलगावच्या ओट्यावर बसून ते सांगायचे, की अकोल्याहून मोरोपंत वकील आले की पुढल्या बैठकीत थांबत नसत, थेट खुशालरावांच्या चुलीपाशी जाऊन बसत आणि ज्वारीची भाकर मागून खात. त्या काळात बामनानं अशी भाकर खाणं म्हणजे काय होतं, तुले नाही समजायचं. किशोरने एकदा भीत भीत अनुपमाला हे सांगितलं होतं. “आमच्याकडे खुशालराव हे नाव मी कधीच ऐकलं नाही, सर,” ती म्हणाली होती. “आणि आठवणी आपण घ्यायला लागलो तर मग डेटा कशाला गोळा केला?” ते त्याला पटलं होतं. तो स्वतःच वर्गात हेच सांगायचा. कागदावर नाव नाही म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे शून्य.

आता तेच शून्य मोहोड सरांच्या डब्याखाली त्याच्या वाट्याला आलं होतं, तेलकट.

घरी येईपर्यंत त्याने स्कूटरवर दोन वेळा ठरवलं की ही बाब क्षुल्लक आहे, आणि दोन्ही वेळा राजकमल चौकात मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत तो सिग्नल हिरवा झाल्याचं विसरला. कुलदीपचा महिन्यापूर्वी फोन आला होता, हे खरं. पण काय फोन! “अठ्ठावीसले हाये, ध्यानात ठेवजो,” आणि मागे कोणीतरी फवाऱ्याचं नोझल मागत होतं म्हणून ठेवून दिला. हे निमंत्रण झालं का? मोहोडला घरी जाऊन अक्षदा, आणि आपल्याला फवाऱ्याच्या गिऱ्हाइकातून सवड काढून तारीख. दामिनी, म्हणजे त्याची बायको, ओल्या फडक्याने कूलरची जाळी पुसत होती. त्याने चपला काढता काढता सांगितलं, “कुलदीपच्या पत्रिकेत माझं नाव नाही.”

“पत्रिका आली?”

“नाही. तेच तर म्हणतो. पत्रिकाही नाही आली, अन् पत्रिकेत नावही नाही.”

“मग बरोबर आहे,” दामिनी म्हणाली. “एकच राहिलं असतं तर चुकून राहिलं म्हटलं असतं.” तिने फडकं पिळलं. त्या पाण्याचा वाळ्याचा वास खोलीभर पसरला. “अन् आपल्या पिंटूच्या पत्रिकेत तरी कुठं होतं कुलदीपभाऊजींचं?”

“त्याचं काय टाकायचं? तो घरचाच—”

“टाकलं होतं. कच्च्या प्रतीत होतं. तुम्हीच काढायला लावलं. जागा कमी पडून राहिली, प्राचार्यांचं टाकावं लागते, कुलदीपचं काढा, तो घरचाच आहे. छापखान्यातून फोन केला होता तुम्ही, मी इथंच तूर निवडत होती.”

किशोरने पंख्याकडे पाहिलं. पोराच्या लग्नाची, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फोन आठवेना, छापखाना आठवेना. प्राचार्य तेवढे आठवले, कारण ते लग्नाला आलेच नव्हते. परस्परता, त्याच्या डोक्यात शब्द उमटला, वर्गात फळ्यावर लिहितात तसा. तू मला, तर मी तुला. मॉडेलमध्ये त्याला एकच आकडा असतो. पण हे जे झालं ते नेमकं काय झालं? तू मला घरचा मानून नाव काढलंस, म्हणून मीही तुला घरचा मानून काढलं, असं? का तू काढलंस ते मी तीन वर्षं पोटात ठेवलं, आणि वेळ आल्यावर तुझं माप तुझ्या पदरात घातलं, असं? दोन्हींत आकडा तोच येतो. दोन्हींत पत्रिका तशीच दिसते. चाळीस वर्षं या शास्त्रात डोकी फोडणाऱ्या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नसावा याचा त्याला इतका वैताग आला, की दामिनीने चहा कधी ठेवला आणि तो कधी गार झाला हे त्याला कळलं नाही. माणसाने एकतर सरळ भांडावं नाहीतर सरळ बोलवावं. हा कुठला न्याय, की प्रेम आणि रुसवा एकाच जागी, एकाच पद्धतीने, नाव न लिहून दाखवायचे?

दुसऱ्या दिवशी दामिनी पिशवी भरताना दिसली. “हळदीला चालली,” ती म्हणाली. “कुलदीपभाऊजी बाहेरचं पाहतील, घरातलं मैनावहिनी एकट्या काय काय पाहतील?”

“तुला बोलावलं त्यांनी?”

“बोलावलं कशाला पाहिजे?” तिने लोणच्याची बरणी साडीत गुंडाळली. “तुम्ही बसा रुसून. मुहूर्ताला या म्हणजे झालं.” आणि ती बडनेऱ्याहून अकोल्याच्या एसटीत बसून गेलीसुद्धा. जिचं नाव पत्रिकेत असण्याचा प्रश्नच नव्हता, तिला तो प्रश्न पडलाही नव्हता.

रिकाम्या घरात किशोरने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि पिंटूच्या लग्नाचे फोटो बघत बसला. त्याला फक्त एक कुलदीप पाहिजे होता. प्राचार्यांची खुर्ची सापडली, रिकामी. ज्यांची नावं आता आठवत नाहीत अशी माणसं फेटे बांधून, दोन्ही हात पोटावर ठेवून, एकसारखी उभी होती. व्याह्यांची गळाभेट होती, रुखवतातला चकलीचा मनोरा होता, कॅमेऱ्याकडे पाहणारा एक कुत्रा होता. कुलदीप कुठेच नव्हता. आणि तरी किशोरला पक्कं आठवत होतं की तो आदल्या दिवशीच आला होता, कारण मांडवात तो स्वतः दिवसभर एकच हाक मारत होता. कुलदीप, मठ्ठा संपला! आणि मठ्ठा यायचा. कुलदीप, जनरेटर! आणि जनरेटर धडधडायचा. हाक गेल्याची आठवण होती, काम झाल्याची आठवण होती, मधला माणूस मात्र डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता. तो जेवला होता का? कोणत्या पंगतीत? कोणाशेजारी? किशोरने मन घट्ट करून पुन्हा एकदा आठवलं. नाही. जेवताना कुलदीप कुठेच नव्हता.

त्याच्या जागी भलताच कुलदीप आठवत राहिला. अकोल्याच्या होस्टेलमधला, उन्हाळ्यात चादर ओली करून खिडकीला बांधणारा, आणि ती वाळली की शिव्या देत रात्रीतून उठून पुन्हा भिजवणारा. किशोरच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला ते नेमकं शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत. कुलदीप म्हणाला, तू पेपर दे, मी जातो, माहं तसंही बॅकच राहणार हाये. तो अमरावतीला येऊन दवाखान्यात बसला. वडील अर्धवट शुद्धीत त्यालाच किशोर म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. किशोर पोहोचला तेव्हा वडिलांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं होतं, आणि कुलदीप तोंडावर उपरणं घेऊन हसला होता. त्याचं बॅक राहिलं ते राहिलंच, नापास झालेले विषय पुढे सुटले नाहीत. पुढे त्याने बियाण्यांचं दुकान टाकलं. मग ती दुसरी गोष्ट, जिच्याकडे किशोरचं मन बोटाने चाचपत जायचं आणि मागे यायचं. कुलदीपची आई गेली तेव्हा तो बंगळुरूला होता. सामाजिक संबंधांच्या जाळ्यांवर परिषद होती. मयतीला पोहोचणं शक्यच नव्हतं, असं त्याने तेव्हा ठरवलं. तो एकदम तेरवीला गेला. कुलदीपने त्याला बसायला सतरंजी दिली होती. सतरंजी! होस्टेलवर जे दोघं एका गादीवर निजले, त्यातल्या एकाने दुसऱ्याला उठून सतरंजी अंथरून द्यावी. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता पत्रिकेनंतर ती सतरंजी त्याला पुन्हा पुन्हा नव्याने अंथरलेली दिसू लागली.

अठ्ठावीसला सकाळी तो निघाला. जायचं नाही असं त्याने दाढी करेपर्यंत ठरवलं होतं. फोन मात्र बंद करून टाकला, म्हणजे ‘कुठंवर आला?’ असं कोणी विचारणार नाही; आणि कोणी विचारलंच नाही तर तेही कळणार नाही. मूर्तिजापूरपर्यंत हायवेवर ऊन पाण्यासारखं हलत होतं. खुशालराव पाटील त्याच्यासोबत गाडीत होते म्हणायला हरकत नाही. आपल्या बेटावरच्या प्रत्येक पत्रिकेत हजर असलेला हा माणूस. पेपरमध्ये किशोरने त्याला ‘शेतकरी घराण्यांमधला सामाजिक सेतू’ म्हटलं होतं. आणि वडील काय म्हणायचे? “खुशालराव? त्याचं नाव न टाकलं तं तो मांडवात येऊन तमाशा करे. मोठा कोपिष्ट माणूस.” हे वाक्य किशोरने आयुष्यभर विनोद म्हणून सांगितलं होतं. बोरगाव मंजूजवळ, एका कांद्याच्या ट्रकमागे अडकून पडला असताना, तो विनोद त्याच्या अंगावर पाल पडावी तसा पडला. ज्याच्या रुसण्याची भीती, त्याचं नाव टाकायचं. जो रुसणार नाही, त्याचं काढायचं. आजी सदस्य, माजी सदस्य, मोहोड, प्राचार्य. चार वर्षं तो शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांची माया मोजत नव्हता, धाक मोजत होता. ज्या माणसाशी खुशालरावाचं भांडण होऊच शकत नव्हतं, जो चुलीपाशी बसून भाकर मागायचा, तो पत्रिकेत येईल कशाला? किशोरने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून त्याच्या अकलेबद्दल खूण केली. तो बरोबर होता. पण लगेच दुसरं मन म्हणालं, फार खुश होऊ नको मास्तर. चुलीपाशी लपून खाल्लेली भाकर घरी सांगता येत नाही, म्हणूनही नाव टाकत नाहीत. आणि ज्याच्याशी संबंधच उरला नाही, त्याचंही नाव टाकत नाहीतच. तुझं शून्य यातलं कोणतं?

मंगल कार्यालयाच्या दाराशी फेटेवाले बसले होते. गुलाबी कापडाचे ढीग, हातात पत्रिका, आणि पत्रिका बघून डोक्याला फेटा. पत्रिकेत असेल त्यालाच. नाहीतर कापड पुरत नाही, असा अनुभव. “काका, नाव?” एकाने विचारलं.

“खेरडे.”

फेटेवाल्याचं बोट निमंत्रकांवरून शुभेच्छुकांपर्यंत खाली आलं, किशोरच्या बोटाच्याच वाटेने. “नाही आहे, काका,” तो म्हणाला, चांगल्या मनाने. “मुलाकडले असाल तर पलीकडे टोपी-दुपट्टा आहे.” मागून मोहोड सर आले, त्यांचं डोकं पुढे करून बसले, आणि पाहता पाहता गुलाबी झाले. “अरे, खेरडे सर! तुम्ही बी आले काय?” ते म्हणाले. किशोर अर्धा दारात, अर्धा उन्हात उभा राहिला. परत फिरायला गाडी जवळच होती. त्या क्षणी त्याला कुठलाही खुलासा नको होता, लाडू नको होते, मैत्री नको होती. फक्त आपण इथे उभे आहोत हे कोणी पाहू नये एवढंच पाहिजे होतं.

“काय गा! पाहुण्यावानी काहून उभा हायेस इथसा?”

कुलदीप येत होता. सिल्कचा झब्बा पाठीला चिकटलेला, फेट्याचा शेव सुटून खांद्यावर, कानाला एक फोन, हातात दुसरा. “सकाळपासून फोन लावून राहिलो तुले. बंद! मेला काय म्हटलं रस्त्यात.”

“फेटा नाव पाहून बांधून राहिले,” किशोर म्हणाला. त्याने गाडीत या वाक्याची पुष्कळ तयारी केली होती, तरी ते रुसलेल्या नणंदेसारखंच निघालं. “माझं नाव नाही त्यात.”

“तुले काय करायचा फेटा? चाल, काम हाये.” कुलदीपने त्याचं मनगट धरलं आणि बैल ओढावा तसा त्याला मांडवातून, खुर्च्यांतून, सनईवाल्याच्या वायरीवरून ओढत नेलं. माजी सदस्य उठून नमस्कार करू लागले, त्यांना त्याने नुसतं “बसा, बसा” केलं. भटारखान्यामागे एक खोली होती. आत लाकडी फळ्यांवर बुंदीच्या लाडवांचे ट्रे, मच्छरदाणीच्या कापडाने झाकलेले, आणि चिवड्याचे पिपे. “लाडू घरचे हायेत, हलवाई बसवला होता. इथं बस. मी सांगीन तवाच बाहेर काढायचे. कोणाले आत येऊ देऊ नको, माह्या साळ्याले तं बिलकुल नको. मागच्या खेपी पिपा गायब केला त्यानं.”

“कुलदीप, मले तुले एक विचारायचं—”

“मंग विचार, बाप्पा! मंगलाष्टकं सुरू होऊन राहिली. अन् आतून कडी नाही या दाराले, मी बाहेरून लावतो.” दार ओढलं गेलं. कडी पडली. “तू हायेस म्हणून मले इकडं पाहा लागत नाही आता!” एवढं ओरडून पावलं पळाली.

खोलीला पंखा नव्हता. तुपाचा, वेलचीचा आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याचा वास एकमेकांत मिसळून घशाशी आला. किशोर एका पालथ्या पिपावर बसला. भिंतीपलीकडून भटजींचा आवाज आला, मग पाचशे माणसांचा. ज्या पोरीला त्याने पाटी-पेन्सिल आणून दिली होती, तिचं लग्न त्याच्यापासून एका विटेच्या अंतरावर लागत होतं. ‘सावधान’ आलं तेव्हा त्याच्या हातात अक्षदा नव्हत्या. त्याने ट्रेखाली सांडलेली चिमूटभर बुंदी उचलली आणि भिंतीवर टाकली. पुढच्या ‘सावधान’ला पुन्हा टाकली. मग आपण काय करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि आत कोणी नाही म्हणून त्याने तिसऱ्यांदाही टाकली.

फोन सुरू केला तर अनुपमाचा मेसेज होता. सर, अखेर बसलं! दोन बेटं, मधली भिंत एकदम पक्की. फायनल पाठवू का? किशोरने घाम पुसून लिहिलं, थांब, शून्य एका प्रकारचं नाही. काही माणसांचं नाव टाकायची गरजच नसते. तिकडून लगेच उत्तर आलं, बरं सर, पण ती माणसं डेटात कशी ओळखायची? कुठे दिसतात? त्याने खोलीभर नजर फिरवली. ‘लाडूंजवळ’ असं लिहिलं, आणि पुसलं. अशीच एक खोली अमरावतीच्या त्या कार्यालयालाही होती, जिन्याखाली. पिंटूच्या लग्नात तिथे जिलेबीची परात ठेवली होती. कोणी राखली होती ती? आपण दिवसभर हाका मारत होतो त्या याच दिशेला. आणि संध्याकाळी, मांडव उठल्यावर, तू जेवलास का, असं एकदा, एका शब्दाने... त्याने अनुपमाला लिहिलं, आत्ता पाठवू नको. मोरोपंतांबद्दल तुझ्या घरी पुन्हा विचार. ते भाकर कुठे खायचे ते विचार. तिने प्रश्नचिन्ह पाठवलं.

पंगती बसल्या. ताटांचा आवाज, वाढप्यांच्या आरोळ्या, वांग्याच्या भाजीचा तिखट वास दाराखालून आत आला आणि किशोरच्या पोटात खड्डा पडला. सकाळपासून चहावर होता तो. लाडू समोर होते, पण राखणदाराने ट्रे फोडायचा नसतो. एकदा कोणीतरी कडी हलवून पाहिली. “कोण?” किशोर खेकसला. “मी, पौर्णिमाचा मामा. जरा चिवडा—” “नाही मिळणार,” किशोर म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला तो हक्क ऐकून त्याला जरा चमत्कारिकच वाटलं. पावलं निघून गेली. गरमी वाढत गेली. शर्ट पाठीला चिकटला. आपण विसरले गेलो आहोत अशी त्याची खात्री होत आली. याला म्हणतात सूड, थंड डोक्याने घेतलेला, तीन वर्षं मुरवलेला. तो उठला. दारावर मारायला त्याने हात उचलला.

बाहेर दामिनीचा आवाज आला. “भाऊजी, हे जेवले का? कुठं दिसून नाही राहिले.”

“कोण, किशोर?” कुलदीप धावता धावता बोलत होता, हे आवाजावरून कळत होतं. “तो घरचाच हाये, वहिनी. जेवील मंग, सवडीनं. तुमी व्याहिनीचं पाहा पहिले.”

किशोरचा हात तसाच वर राहिला. लाकडावर, हाताच्या पातळीवर, कोणीतरी कधीतरी खिळ्याने ‘राम’ कोरलं होतं; असाच कोणी घरचा माणूस असणार. त्याने हात खाली घेतला. रागवावं तर कशावर, आणि गहिवरावं तर पोटात कावळे ओरडत होते.

“किशोर!” मांडवाच्या त्या टोकाहून हाक आली, सगळ्या गोंगाटावरून, जशी कुठल्याही पाहुण्याला मारता येत नाही तशी. “अबे किशोर, लाडू! दोन ट्रे!”

“आणतो!” किशोर ओरडला. त्याने मच्छरदाणी बाजूला केली, एकावर एक दोन ट्रे उचलले, छातीशी धरले, आणि बाहेरून कडी लावलेल्या दारासमोर येऊन उभा राहिला.